वाणाचं नाव

"गावाचं नाव चालणार नाही, काका." मृणाली मॅडमनी फॉर्मवरून पेन उचललं. "नियमच आहे तसा. नुसता आकडाही चालत नाही. आणि आधीच्या एखाद्या वाणाचं नाव असेल तर तेही नाही."

चांगदेव ओटीवर भिंतीला टेकून बसला होता. त्याने 'दिघाशी' हे नाव सांगितलं, कारण ते सांगण्यात त्याला काही धोका दिसला नव्हता. गाव काही कुणी उचलून नेत नाही. आता तेही चालत नाही म्हटल्यावर त्याची शंका पक्की झाली.

"मंग कुणाचं चालतंय? तुमचं?"

मॅडम हसल्या. भिवंडीच्या कृषी कार्यालयातून त्या तिसऱ्यांदा आल्या होत्या. दिवाळीआधी पीक कापणीचा प्रयोग करायला म्हणून त्या दिघाशीत आल्या, तेव्हा परतीच्या वाऱ्यात सगळ्या गावाचं भात आडवं पडलेलं होतं आणि चांगदेवच्या खाचरात मधला एक पट्टा तेवढा उभा होता. त्यांनी विचारलं, हे कुठलं वाण? मेघाली, चांगदेवची सून, बोलून गेली, आमच्या आईंनी केलेलं. तेव्हापासून मॅडमनी हा ध्यास घेतला होता. आता कायदा झाला आहे, शेतकऱ्याने तयार केलेलं वाण शेतकऱ्याच्या नावावर नोंदवता येतं, दिल्लीला अर्ज जातो, फी पडत नाही. या सगळ्यात चांगदेवला पटण्यासारखं काहीच नव्हतं. फी पडत नाही, हे तर अजिबात पटण्यासारखं नव्हतं.

"सातबारा लागंल?" त्याने विचारलं.

"नाही. ओळखपत्राची झेरॉक्स आणि ग्रामपंचायतीचा दाखला."

चांगदेवने शेजारी बसलेल्या केसरीनाथकडे पाहिलं. केसरीनाथ त्याचा चुलतभाऊ. वडप्याच्या गोदामांसाठी जमिनी मिळवून देण्याचं काम करायचा, त्यामुळे कागदातलं त्याला कळतं असं घरात धरलेलं होतं. केसरीनाथने भुवई वर केली. ज्या कागदाला सातबारा लागत नाही तो कागद कसला, हे दोघांनाही न बोलता समजलं.

चांगदेवच्या संशयाला कारण होतं. त्याचा मोठा भाऊ दाजी याने 'रस्त्याला संमती' म्हणून एका कागदावर अंगठा उठवला, आणि पुढच्या वर्षी त्याचं निम्मं खाचर गोदामाच्या कुंपणात गेलं. तेव्हापासून चांगदेव पोस्टमनच्या वहीवर सही करतानासुद्धा पान उलटून मागे काय आहे ते बघायचा.

चांगदेवचा मुलगा दीपेश ड्युटीवर निघाला होता. वडप्याच्या गोदामात तो सुपरवायझर होता. चपला घालता घालता तो म्हणाला, "आईचं नाव द्या ना. तिनंच केलंय ते."

 चांगदेवच्या बायकोला, ठकुबाईला, जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. दोन हजार आठच्या श्रावणात कावीळ झाली आणि नऊ दिवसांत सगळं संपलं.

"ठकुबाई," मॅडमनी लिहिलं. "छान आहे. बहुतेक चालेल. आता सांगा, काकूंनी निवड कशी केली?"

"पुराच्या साली सगळं कुजलं. चार-दोन ठोंब उभे राह्यले. त्यांचं बी ठेवलंन."

"ते पहिल्या वर्षी. पुढची दोन वर्षं?"

 चांगदेवला ठाऊक नव्हतं. कापणीला ठकू सगळ्यांच्या पुढे चालायची, विळा न घेता, आणि मधूनच एखाद्या ठोंबाला सुताचा धागा बांधायची. भिवंडीच्या बाजारातून येताना ती लूमवरचं टाकाऊ सूत पिशवीत घालून आणायची, रंगीबेरंगी. लाल, पिवळे धागे शेतात फडफडताना पाहून चांगदेवच्या मनात भलतंच आलं होतं. कुणीतरी तिला करणी करायला सांगितलंय, असं त्याला वाटलं. एकदा रागाने त्याने दहा-बारा धागे तोडून बांधावर जाळलेही होते.  दुसऱ्या दिवशी तिने आठवतील तेवढे पुन्हा बांधले.

"बायकांचं काम ते," तो म्हणाला. "मला काय ठावं."

मॅडमनी ती जागा कोरी ठेवली. मग म्हणाल्या, "नमुन्याला तीन किलो बी लागेल. कणगीतलं नको. काकूंनी शेण लावून बंद केलेलं मडकं आहे ना, ते द्या."

चांगदेवने सुनेकडे पाहिलं. मेघाली पदराशी चाळा करत होती. म्हणजे हिनेच दाखवलं.

मॅडम स्कूटीवरून गेल्यावर केसरीनाथने तंबाखू मळायला घेतली. "दादा, सरकारी माणूस एकदा आला तर काम असतं. तीनदा आला तर समजायचं, आपल्याकडं काहीतरी हाय आन् ते आपल्यालाच म्हाईत न्हाय."

"कणगीत धा मण भात हाय. ते नको म्हणतात. मडकंच पायजे."

"मंग बघ तूच." केसरीनाथने चिमूट दाढेखाली धरली. "बी गेलं की गेलं. उद्या कंपनीच्या पिशवीत घालून तुलाच इकतील. वर फोटो त्या बाईचा."

---

मडकं उतरंडीच्या तळाशी होतं. पेरणीला रिकामी झालेली वरची दोन मडकी उतरवून चांगदेवने ते ओटीवर आणलं. तोंडावरचं शेण वाळून भेगाळलं होतं. त्यात ठकूच्या बोटांच्या रेघा होत्या. त्याने त्या पाहिल्या आणि चाकूने कड उचकटली. आत करंजाचा पाला, राख, आणि भात. तीन किलोच्या वर थोडंसंच.

नाही म्हणायची सोय नव्हती. मॅडम उद्या माणूस पाठवणार होत्या. नाही म्हटलं तर त्या पुन्हा येतील, आणखी कुणाला घेऊन येतील, मग पंचायतीचे लोक येतील. द्यायचं तर होतं, पण चोराच्या हाती लागू द्यायचं नव्हतं.

दिवाळीच्या पोह्यांसाठी भात गरम पाण्यात घालतात, हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं. पाणी बोटाला सोसवेना की चुलीतली लाकडं ओढायची. साल उकलायच्या आत भात उपसायचं. वाळवलं की वरून दिसायला दाणा तसाच. फक्त त्यातला जीव गेलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेघाली माहेरी गेली. चांगदेवने चूल पेटवली. मोठं पातेलं चढवलं, भात ओतलं, आणि शेजारी बसून राहिला. अशी कामं त्याने कधी केली नव्हती, पण हात चुकला नाही. साल उकलायच्या जरा आधी त्याने पातेलं उतरवलं. अंगणात घोंगडी घालून भात पसरलं आणि पाखरं हाकत दिवसभर तिथेच बसला. माणूस आला त्याला सांगितलं, परवा ये.

मेघाली संध्याकाळी परतली. दारातच थांबली.

"बाबा, पोहे करताव का काय? वास येतोय."

"दमटलेलं भात. वाळत घातलंय."

तिने घोंगडीवरचे दोन दाणे उचलले, एक दाताखाली धरला. मग दुसरा दाणा परत ठेवला आणि आत गेली. त्या रात्री जेवताना ती काही बोलली नाही, आणि तिचं न बोलणं चांगदेवला आवडलं नाही.

दोन दिवसांनी माणूस परत आला. चांगदेवने कापडी पिशवीत भात भरून दिलं. मॅडमनी लाखेचं सील करायला सांगितलं होतं. ते त्या माणसाने समोर केलं. चांगदेवने दोन वेळा सील दाबून पाहिलं. मग मनातल्या मनात म्हणाला, ने आता कुठं न्यायचं तिथं.

त्याला वाटलं, आपण ठकूचं राखलं.

---

एप्रिलच्या शेवटी दीपेशच्या मोबाइलवर मॅडमचा फोन आला. काकांना घेऊन या, म्हणाल्या. दीपेशला सुट्टी नव्हती. चांगदेव एकटाच एसटीने भिवंडीला गेला. जाताना त्याने पिशवीत कणगीतलं भात घेतलं, का ते त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

मॅडमच्या टेबलावर दिल्लीचं पत्र होतं. त्या नेहमीसारख्या हसल्या नाहीत.

"काका, बी उगवलंच नाही. एकही दाणा नाही." त्यांनी पत्र त्याच्याकडे सरकवलं, मग त्याला इंग्रजी येत नाही हे आठवून परत घेतलं. "माझीच चूक आहे. पिशवी आठ दिवस त्या कपाटात होती. पलीकडून ऊन येतं, पत्रा तापतो. मी लगेच पाठवायला हवी होती. साहेबांनी बोलायचं ते बोलून झालं. लेखी खुलासाही मागितलाय. ते असू दे. पण काकूंचं बी माझ्या हातून गेलं."

चांगदेवने कपाटाकडे पाहिलं. लोखंडी, हिरवं, एका बाजूला गंजलेलं. या बाईने कपाटाला बोल लावला होता, स्वतःला लावला होता. त्याच्याकडे तिने संशयाने पाहिलंसुद्धा नव्हतं. तो वाट बघत राहिला, की आता बघेल. ती बघत नव्हती.

"कपाटाचं काय न्हाय," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मीच उकळलं ते. देयाच्या आधी."

टेबलापलीकडचा कारकून टायपिंग करता करता थांबला.

"का?" मॅडमनी विचारलं.

"तुम्ही चोराल म्हणून."

मॅडमनी पत्राची घडी घातली. रागावल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. त्या उठल्या, माठातलं पाणी प्यायल्या, परत येऊन बसल्या.

"सगळं उकळलंत? मडक्यातलं सगळं?"

"सगळं. पण त्यात काय, हे घरचं आणलंय." त्याने पिशवी टेबलावर ठेवली. "एकच भात हाय. कणगीत काय, मडक्यात काय."

मॅडमनी पांढऱ्या ट्रेमध्ये मूठभर भात ओतलं. पेनाच्या टोकाने दाणे इकडे तिकडे सारले. ट्रेच्या एका कडेला एक ढीग झाला, दुसऱ्या कडेला दुसरा, मध्ये एक तिसराही. "हे बघा. हे टोकाला तांबूस, हे काकूंचं. हे जाड, हे दुकानातलं. आणि हे काय आहे मलाही माहीत नाही. गेल्या दोन हंगामांत तुम्ही सगळं एकाच खळ्यावर झोडलंत ना?"

झोडलं होतं. ठकू होती तेव्हा त्या पट्ट्याचं भात वेगळं झोडायची, वेगळ्या दिवशी, खळं दोनदा सारवून. चांगदेवला ते बायकी नखरे वाटायचे. ती गेल्यावर त्याने वेळ वाचवला.

"काकूंनी ते मडक्यात वेगळं का ठेवलं, ते आता कळलं ना?" मॅडम शांतपणे म्हणाल्या. "आणखी कुठे आहे का, काका? कुणाला दिलं होतं का त्यांनी?"

"न्हाय," चांगदेव म्हणाला. त्याच्या माहितीप्रमाणे ते खरं होतं.

घरी आल्यावर मेघालीने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि समोर बसली. तिने कधी असं बसायचं धाडस केलं नव्हतं.

"तवाच दाताखाली कळलं मला," ती म्हणाली. "बोलले असते तर तुम्ही म्हणला असता, ही पण त्यांना सामील."

चांगदेव जेवत राहिला.

"पूर्णेच्या आत्याकडं असंल बी. आई दरसाल द्यायच्या."

त्याचा हात थांबला. "मला न सांगता?"

"तुम्हाला सांगून कोण देईल, बाबा?"

---

पूर्णेला त्याची थोरली बहीण राहायची. माहेरात सगळे तिला आक्काच म्हणायचे. ठकूच्या बाराव्याला ती आली होती. जेवणं झाल्यावर तिने ठकूचं एक लुगडं मागितलं. आठवण म्हणून. केसरीनाथने त्याच्या आधीच चांगदेवच्या कानात घातलं होतं की कायदा बदललाय, आता बहिणींना वाटणी मिळते. लुगड्यापासून सुरुवात होते, म्हणाला. चांगदेवने लुगडं आणलं आणि त्याच्याबरोबर हक्कसोडीचा कागदही आणला. तयारच ठेवला होता. आक्काने दोन्हींकडे पाहिलं. कागदावर सही केली, लुगडं तिथेच ठेवलं आणि गेली. त्यानंतर तिचा पाय दिघाशीला लागला नव्हता, आणि याचा पूर्णेला.

स्टँडवरून तो रिक्षाने पूर्णेला उतरला तेव्हा दुपार होत आली होती. दोन्ही बाजूंना गोदामंच गोदामं, निळ्या पत्र्याची. कंटेनरांच्या रांगेतून वाट काढत तो आक्काच्या घराशी पोचला. आक्काच्या सासरची जमीन गोदामांना गेली होती, घर दोन मजली झालं होतं. आक्का मात्र खालच्या पडवीत सूप घेऊन बसलेली होती, पूर्वी बसायची तशीच.

"कोण, चांग्या?" तिने डोळ्यांवर हात धरला. "पाणी पी. मंग सांग कुठं सही करायची ती."

तो उभाच राहिला. हे ऐकायला लागणार हे त्याला रिक्षातच माहीत होतं. घराच्या मागे गोदामाच्या भिंतीपर्यंत तीन-चार गुंठ्यांचा तुकडा दिसत होता, रोपांसाठी राब भाजून काळा केलेला. म्हणजे ही अजून भात लावते.

"ठकूचं बी हाय का तुझ्याकडं?"

आक्काने सूप खाली ठेवलं. "तुझं काय झालं?"

त्याने सगळं सांगितलं. फॉर्म, मडकं, पातेलं, दिल्लीचं पत्र. काही लपवलं नाही. आक्का मध्ये एकदाच बोलली. "चूल पेटवता येते तुला? ठकूला सांगायला पायजे व्हतं."

मग ती आत गेली आणि डबा घेऊन आली. पत्र्याचा, झाकणाला कापड बांधलेला. तिने परातीत भात ओतलं. टोकाला तांबूस, सगळे दाणे एकासारखे एक. चांगदेवने मूठ भरून घेतली आणि पुन्हा सोडली.

"असंच देतेस?" त्याच्या तोंडून गेलं. "काय लिहून-बिहून?"

"तू मागतोस ते माझं न्हाय रे. तिचं हाय. मी राखलं फकस्त." आक्काने मापटं भरलं. "लाल धागा म्हणजे पाण्यात तग धरलेलं. पिवळा म्हणजे एकदम पिकलेलं. ज्याला दोन्ही, तेवढंच ठेवायचं. तीन साल तेच केलंन तिनं. एका साली म्हणे कुणी निम्मे धागे जाळले, म्हणून एक साल वाढलं."

चांगदेव खाली बसला. पाणी मागितलं.

पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "नाव ठकुबाईच ठेवलंय. फारमावर. तिचंच भात, तिचं नाव."

आक्का मापटं मोजत होती. तीन झाल्यावर थांबली.

"ते तुझ्या घरचं नाव."

"म्हंजे?"

"विसरलास? लग्नात ताटात तांदूळ पसरून भटजीनं तुझा हात धरला आन् अंगठीनं नाव लिवलं. ठकू. त्याच्या आधी काय व्हतं?"

त्याला ताट आठवलं. तांदळातून अंगठी फिरताना झालेला बारीक आवाज आठवला. त्याआधीचं नाव त्याने कधी विचारलं नव्हतं. बदललं म्हणजे बदललं.

"भागी," आक्का म्हणाली. "माझंच नाव ते. आपली आई म्हणली, लेकीच्या नावानं सुनंला कशी हाक मारू? आन् शिव्या द्यायच्या झाल्या तर?" ती थोडी हसली. "घरात एक भागी हाय, दुसरी चालणार न्हाय. मी तर तवा इकडं नांदायला आलेली. आन् इकडं माझी सुलोचना केली यांनी. तुम्ही सगळे आक्का म्हणता. म्हंजे तिचं नाव माझ्यासाठी काढलं, आन् माझ्याकडं पण ते न्हाय राह्यलं. एकदा दोघी राब भाजीत व्हतो, तर ती म्हणते, आक्का, आता ते नाव असंल तरी कुठं?"

बाहेर एक कंटेनर मागे येत होता. त्याचा टूं टूं आवाज थांबला.

आक्काने चौथं मापटं भरलं, ते तिन्हींवर जास्तीचं ओतलं आणि पिशवीचं तोंड बांधलं. "पुढल्या साली परत आणून दे. सव्वापट. तिची तशी रीत व्हती."

चांगदेव पिशवी घेऊन उठला. पायरीशी थांबला. बाराव्याच्या दिवसाबद्दल काहीतरी बोलावं असं त्याला वाटत होतं.

"ते लुगडं हाय अजून," तो म्हणाला.

"मेघालीजवळ दे पाठवून," आक्का म्हणाली.

---

"या वेळी मी आधी उगवून बघणार," मृणाली मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आधीचा मोकळेपणा नव्हता.

"बघा. बघायलाच पायजे."

त्यांनी पिशवीत खोल हात घालून, वरचे सोडून खालचे दाणे घेतले. शंभर मोजले. ओल्या गोणपाटात ओळीने मांडून गुंडाळी केली आणि तारीख घातली. चांगदेव बघत होता. आयुष्यभर तो लोकांकडे असं बघत आला होता. आपल्याकडे कुणी असं बघितलं की कसं वाटतं, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. तो गेला नाही, कारण मॅडमना वाटू नये की पळाला.

सहाव्या दिवशी तो परत आला. मॅडमनी गुंडाळी उलगडली. पांढरे कोंब बोटभर आले होते. त्यांनी मोजले, सत्त्याण्णव. पुन्हा मोजले.

"काका," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच जरा सैल झाल्या. "बसा. फॉर्म पुन्हा भरावा लागेल."

कोरी राहिलेली जागा या वेळी भरली. लाल धागा, पिवळा धागा, वेगळं खळं. चांगदेव सांगत गेला आणि मॅडम लिहीत गेल्या. निम्मे धागे कुणी जाळले तेही त्याने सांगितलं. ते लिहायला लागत नाही, मॅडम म्हणाल्या.

"नाव तेच ना? ठकुबाई?"

"न्हाय. बदलायचंय."

मॅडमनी मान वर केली. आता आणखी काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"भागी लिवा."

त्यांनी एक यादी काढली, बोट फिरवत खालपर्यंत गेल्या. पान उलटलं, पुन्हा गेल्या. "या नावाचं दुसरं वाण दिसत नाही इथे," त्या म्हणाल्या. "चालायला हरकत नाही."

त्यांनी लिहिलं आणि कागद त्याच्यापुढे वळवला. पाच पानं होती. सहीच्या जागी फुली केलेली होती. चांगदेवने पानं उलटली नाहीत. पेन घेतलं आणि फुलीवर सही केली.

---

पोचपावती आली तेव्हा लावणी संपत आली होती. पाकीट मेघालीने देव्हाऱ्याजवळ ठेवलं होतं. दीपेश रात्रपाळी करून सकाळी घरी आला, हातपाय धुऊन पाकीट फोडलं आणि उभ्याउभ्याच वाचायला लागला. चांगदेव ओटीवर चहा पीत होता.

"बाबा," दीपेश म्हणाला. "कुणी भरला हा फॉर्म?"

"मॅडमनी."

"तुम्ही वाचलं होतं का सही करायच्या आधी?"

"न्हाय."

"मग झालं तर." दीपेशने कागद त्याच्या तोंडासमोर धरला, एका शब्दावर बोट ठेवून. "फसवलं तुम्हाला. आईचं नावच नाही. तुमचं नाव आहे, गावाचं आहे, आणि इथे वाणाचं नाव बघा काय टाकलंय. भागी. केसरीनाथ काका सांगत होते तेव्हा कुणी ऐकलं नाही. कोण ही भागी? त्या मॅडमची कोण असेल तर मी आत्ताच जाऊन विचारतो ऑफिसात."

मेघाली चुलीपाशी होती. ती वळली नाही.

चांगदेवने कप खाली ठेवला. "बस जरा."

"बसायचं काय त्यात. कोण ही, सांगा ना."

"तुझी आई," चांगदेव म्हणाला.

 दीपेशने कागद स्वतःकडे वळवला. त्या शब्दावरचं बोट त्याने काढून घेतलं आणि पुन्हा वाचलं, शाळेतल्या पोरासारखं, ओठ हलवत.